पाय कुणी पाहिला

मी पडले नव्हते. हे सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण आमच्या कोरीट गावात त्या दिवसाच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्हींत मी पडते. एकीत मी पडते आणि देवी मला झेलते. दुसरीत मी पडते आणि माझी जाऊ मला पकडून देते. सांगणारे तोंड भरून सांगतात. त्यांतल्या एकाचंही लक्ष त्या वेळी माझ्या पायाकडे नव्हतं.

पडण्यावरून माझं डोकं का फिरतं तेही ऐका. लग्न करून ब्राह्मणपुरीहून या घरी आले, तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. पायानं हलकंच लवंडायचं असतं. अंगावर जड शालू, निऱ्या घोट्याखाली उतरलेल्या, मागून बायका ढकलतायत. माप उडालं, तांदूळ सासूबाईंच्या तोंडावर, आणि मी उंबऱ्यात आडवी. सगळे हसले. मीसुद्धा हसले. मला काय माहीत, ते हसणं हे लोक इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरतील!

तेव्हापासून मी घरात उठले की सासूबाई, म्हणजे जसोदाबाई, बसल्या जागेवरून म्हणतात, "हळू वं, पडशी!" पाण्याचा तांब्या घेतला, हळू वं. ओट्यावर चढले, हळू वं. लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर असते. ती काढायची झाली की मी समोर उभी असताना रोशनीला हाक जाते. रोशनी माझ्या धाकट्या दिराची बायको, माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी घरात आलेली. पावसाळ्यात केळीच्या बागेतून डोक्यावर घड घेऊन निसरड्या बांधावरून मी चालते. तेव्हा मात्र कोणी म्हणत नाही पडशील म्हणून. तेव्हा म्हणतात, लवकर ये.

तर हा असा राग. आता खेळाचं सांगते.

रोशनीचा नवरा, माझा दीर धीरज, शाळेत खेळाचा शिक्षक आहे. कुठल्याशा शिबिराला गेला आणि पिशवी भरून प्लास्टिकच्या थाळ्या घेऊन आला. या डिस्क, म्हणाला, आणि खेळाचं नाव डिस्क गोल्फ. गावातल्या वेल्डरकडून त्यानं लोखंडी खांब बनवून घेतले. खांबाला वर गोल कडं, कड्याला गुरं बांधायच्या साखळ्या लोंबकळत सोडलेल्या, खाली टोपली. लांबून डिस्क फेकत फेकत यायचं आणि शेवटी ती साखळ्यांत मारून टोपलीत पाडायची. ज्याच्या फेका कमी, तो जिंकला. शाळेच्या मैदानापासून गायरानातून आमच्या केळीच्या बागेपर्यंत त्यानं बास्केटी रोवल्या. सासूबाईंनी डिस्क पाहिल्या, उलट्यासुलट्या केल्या, धुतल्या आणि स्वैपाकघरातल्या मांडणीत ताटांच्या शेजारी लावून ठेवल्या. त्या अजून तिथेच असतात.

पुरुषांनी आठवडाभर हौस केली आणि सोडून दिली. आम्ही बायकांनी नाही सोडली. संध्याकाळी बागेतून येताना एक फेरी मारायची सवयच लागली. मला लांबची फेक फारशी जमत नाही, पण जवळची जमते. बास्केट समोर, चार-सहा पावलांवर, पाय रोवून उभं राहायचं, श्वास धरायचा आणि हात सोडायचा. साखळ्या खणखणल्या की पोटात गार वाटतं. घरात मला कोणी कधी शांत उभं राहू दिलेलं नाही. तिथे ते खेळाचं कामच होतं.

या जवळच्या फेकीला एक नियम आहे, आणि सगळी भानगड त्याच नियमाची आहे. आपली डिस्क जिथे पडली तिथे तिच्यापुढे खूण म्हणून एक लहान डिस्क ठेवायची. आम्ही तिला बशी म्हणतो. बशीच्या मागे, अगदी लागून, पाय ठेवायचा. बास्केट जवळ असेल तर फेकल्यावर लगेच पुढे जायचं नाही. उभं राहायचं, तोल आपल्या ताब्यात आहे हे दिसू द्यायचं, मगच बशी ओलांडायची किंवा तिला हात लावायचा. तसं नाही केलं तर फॉल्ट, म्हणजे एक फेक वाढली. लोक झोक घेऊन बास्केटच्या अंगावर पडत पडत डिस्क टाकतील, ते होऊ नये म्हणून हा नियम. तो फॉल्ट सोबतच्या खेळाडूनं तिथल्या तिथे सांगायचा आणि दुसऱ्या कोणीतरी, खेळाडूनं किंवा पंचानं, त्याला हो म्हणायचं.

आमच्याकडे अडचण दुसरीच. फेकताना अंगठा पुढे सरकतो आणि बशीला लागतो. बशी म्हणजे ताटाची धाकटी बहीण. ताटाला पाय लागला तर काय करतो आपण? वाकून हात लावतो, तो कपाळाला लावतो. विचार करून कोणी करत नाही, हात आपोआप जातो. गावातली प्रत्येक बाई डिस्क टाकायची, बशीला पाय लागायचा आणि ती वाकायची. धीरज डोक्याला हात लावून ओरडायचा, "भाभी, नमस्कार मंग करा! पहिले उभ्या ऱ्हा!"

बाकीच्यांनी हसून सोडून दिलं. रोशनीनं नाही. ती असली बाई आहे की पोळ्या लाटतानासुद्धा एक पोळी दुसरीवर ठेवून बघते, कडा जुळतात का. धीरजकडून तिनं नियम मराठीत लिहून घेतले आणि पाठ केले. नमस्काराची सवय तिनं ठरवून मोडली. फेकायची, हात मांडीला चिकटवून खांबासारखी उभी राहायची, मग सावकाश वाकून बशीच्या पाया पडायची. घरच्या खेळात, कोणी बघत नसताना, मला म्हणायची, "ताई, फॉल्ट." मी म्हणायची, "गप बस." ती म्हणायची, "नियम शे." असा जीव जळायचा माझा! भाजीत मीठ कमी पडलं तर सांगत नाही, पण हात बशीला लवकर गेला की लगेच.

मग जिल्ह्याची निवड चाचणी ठरली. राज्याच्या स्पर्धेला जिल्ह्यातून एक बाई जाणार, आणि बास्केटी फक्त आमच्या गावात, म्हणून चाचणी कोरीटला. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी गोष्ट ही की सासूबाई बघायला येणार होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत मला पाय रोवून उभं राहायचं होतं, म्हणजे घरातली ती 'हळू वं, पडशी'ची ओळ बंद झाली असती. मला एवढंच हवं होतं.

गावानं त्या दिवशी जत्राच केली. शेवटची बास्केट आमच्या बागेच्या कडेला होती. तिथे ठिबकची नळी गळते, म्हणून काळी माती मऊ आणि ओलसर. सासूबाईंना निंबाखाली खुर्ची दिली होती. शेजारी गावातला करणसिंग, ज्याला कोणी बोलावत नाही आणि जो प्रत्येक ठिकाणी पुढारी असतो. माझा नवरा रूपचंद मोबाइल वर धरून उभा. पंच म्हणून नंदुरबारहून धर्मेंद्र सर आले होते, गळ्यात शिट्टी, हातात नियमांचं पुस्तक. शेवटच्या गटात आम्ही तिघी: मी, रोशनी आणि धडगावची रविना. रविना तिकडे पहाडात आश्रमशाळेवर शिकवते. लांबची फेक अशी करते की डिस्क दिसेनाशी होते, पण जवळ आली की चुकते. त्यामुळे ती मागे पडली होती. मी आणि रोशनी पुढे, आणि मी रोशनीपेक्षा एका फेकीनं पुढे.

बरोबरी झाली तर काय, ते धर्मेंद्र सरांनी सकाळीच सांगितलं होतं. ज्याच्यावर फॉल्ट नाही, त्याला पाठवायचं.

रोशनीनं शेवटची डिस्क टाकली, खांबासारखी उभी राहिली, वाकली, बशी उचलली, बाजूला झाली. आता मी. ही एक गेली की मी जिंकले. पाच पावलांवर बास्केट. मी बशी ठेवली, मागे उजवा पाय रोवला. माती थंड लागली. डावा पाय मागे हवेत, हात पुढे, आणि सोडली. साखळ्या वाजल्या. असा आवाज झाला की काय सांगू! आणि त्याच वेळी माझा अंगठा बशीला लागला. मी वाकले, बशीला हात लावला, कपाळाला लावला आणि सरळ झाले. उजवा पाय होता तिथेच होता आणि डावा अजून हवेतच होता. लोक ओरडायला लागले होते.

"फॉल्ट," रोशनी म्हणाली.

हळू आवाजात म्हणाली, पण धर्मेंद्र सर शेजारीच होते. त्यांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"फॉल्ट, ताई," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एकाच चुलीवर दोघींचा चहा होतो, तिच्या बाळंतपणात तिचे पाय मी चेपले, आणि साऱ्या गावासमोर मला पकडून द्यायची हिला घाई! मी तिला नाही नाही ते बोलले, ते इथे सांगत नाही.

सरांनी रविनाला विचारलं, "तुम्ही पाहिलंत? फॉल्टला तुमचं हो आहे का?"

रविना खरं बोलणारी बाई. म्हणाली, "सर, मी बास्केटकडे बघत होते. डिस्क आत जाते का ते. ताईंचा पाय मी बघितला नाही."

"सर, तुमी स्वतः?" करणसिंगनं विचारलं.

सरांनी पुस्तकाची पानं चाळली. "माझंही लक्ष डिस्ककडे होतं," ते म्हणाले. चाचणीला पंच म्हणून आलेला माणूस! एका नियमासाठी तर तुम्हाला गाडीभाडं देऊन आणलं होतं.

"व्हिडिओ शे!" माझा नवरा पुढे आला. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस वेळेवर उपयोगी पडतोय. आम्ही सगळे त्याच्या मोबाइलवर वाकलो. व्हिडिओत बास्केट होती. साखळ्या होत्या. डिस्क येते, आत पडते, मग आभाळ दिसतं, मग करणसिंगचा कान. मी कुठेच नव्हते. बायकोचा खेळ काढायला उभा राहिलेल्या माणसानं बायको सोडून सगळं काढलं होतं.

"मातीत बघा," मी म्हणाले. "ओली माती आहे. पाय सरकला असेल तर ठसा सरकलेला दिसेल. बाजूला व्हा सगळे!"

पण व्हिडिओ बघायला गर्दी आली होती ती नेमकी तिथेच उभी होती. करणसिंगची चप्पल बशीवर होती. मी त्याला ढकललं, खाली बसले, बघितलं. चिखलात सगळ्या गावाचे पाय होते.

आणि मग त्यांनी मला वाचवायचं ठरवलं.

सुरुवात करणसिंगनं केली. "ओ सर, आमना गावमा ताटले पाय लागना तं पाया पडतस. ह्याले फॉल्ट म्हनतस का तुमी?" झालं, लोकांना विषय मिळाला. नमस्काराला दंड कसला, आमच्या रिती विचारा, शहरातून येऊन आम्हाला शिकवू नका, असा गलका झाला. दोन-तीन जण सरांच्या फारच जवळ जाऊन उभे राहिले. सरांनी गळ्यातली शिट्टी खिशात घातली, ते मी पाहिलं.

निंबाखालून सासूबाई उठल्या आणि सावकाश चालत आल्या. गर्दीनं वाट दिली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता त्या म्हणतील, उभी होती माझी सून.

त्या म्हणाल्या, "पडतच व्हती बिचारी. पन पाया पडनी ना, देवीमायनी धरी लिधी. सर, तिना गुन्हा नही. तिनी पडानी सवयच शे."

लोक हसले. उंबऱ्यातलं तेच हसणं, तसंच्या तसं. या वेळी हसून झाल्यावर माझ्या बाजूनं टाळ्याही वाजवल्या.

धर्मेंद्र सर म्हणाले, "बरोबर आहे, भावनेचा प्रश्न आहे. आणि फॉल्टला दुजोराही नाही. फॉल्ट नाही धरत. अभिनंदन, मोहिनीताई."

म्हणजे मी जिंकले. राज्यावर जाणार. कोणी माझ्या हातात नारळ दिला. तो फेकून कोणाच्या डोक्यात घालावा, एवढंच माझ्या मनात होतं. मी जन्मात इतकी रागावले नव्हते. रोशनीवर रागावले होते त्याच्या दुप्पट आता या सगळ्यांवर. दुजोरा नाही म्हणून सोडलं असतं, तर गप बसले असते. पण पडतच होती, देवीनं धरली! आता ही गोष्ट घरात, गावात, माहेरी, लग्नाकार्यांत सांगितली जाणार. मी म्हातारी होऊन मरेन तेव्हाही कोणीतरी म्हणेल, हळू न्या हं, पडेल.

"मी पडत नव्हते," मी म्हणाले.

"हो, हो," सर म्हणाले.

"हो हो काय? पाय बघितला का तुम्ही माझा? कोणी बघितला? इतके लोक आहात, एकानं तरी सांगा, माझा पाय हलला का नाही हलला!"

नवरा म्हणाला, "अवं, भेटनं ना तुले, आते सोड."

"मी देखा," रोशनी म्हणाली.

ती गर्दीच्या मागे एकटी उभी होती. इतका वेळ लोक तिला टाकून बोलत होते, जावेवर जळते म्हणत होते. तोंड उतरलं होतं, पण आवाज नव्हता उतरला. ती पुढे आली आणि सासूबाईंच्या समोर उभी राहिली. माझ्याशी बोललीच नाही.

"आई, ताई पडत नव्हती. तुमी सगळा बास्केटकडे देखी ऱ्हायनात. मी तिना पायकडे देखी ऱ्हायनी व्हती. पाय रतीभर हालना नही. एक पाय वर ठेईसनी वाकनी, बशीले हात लाया, आनि तशीच उभी ऱ्हायनी. मले नही येस असं. कोनलेच नही येस."

"मंग फॉल्ट कसाले म्हननी वं?" सासूबाईंनी विचारलं.

"साखळी वाजी ऱ्हायनी व्हती, तवच तिना हात बशीवर गया. पहिले उभं ऱ्हावानं, मंग वाकानं. नियममा पडनी असं नही लिखेल. थांबनी नही, असं शे. ती पडनी नही आई, पन थांबनी बी नही."

 

तुम्हीच बघा आता माझी काय गत झाली. ज्यांनी मला सोडवलं ते म्हणत होते, तू पडलीस. जिनं मला पकडलं ती म्हणत होती, तू उभी होतीस. आणि माझ्या हातात नारळ.

ती बरोबर होती, हे मला माहीत होतं. साखळ्या वाजत होत्या, हे मलाही आठवत होतं. बरोबर असलेल्या माणसाचा जितका राग येतो, तितका चुकलेल्याचा येत नाही. तिच्या कानशिलात दोन माराव्यात आणि तिला धरून रडावं, दोन्ही एकदम वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

मी सरांकडे गेले. "फॉल्ट लिहा," म्हणाले.

"अहो ताई, दुजोरा नाहीये. गरज नाही."

"मी सांगते ना. मी थांबले नव्हते. हात लगेच गेला. लिहा."

"पण मग बरोबरी होईल," सर म्हणाले. "आणि बरोबरी झाली तर..."

"सकाळी ऐकलंय मी. लिहा. पण लिहायच्या आधी मोठ्यानं सांगा. हिचा तोल गेला नव्हता, ही थांबली नाही, म्हणून फॉल्ट. असं म्हणा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

सरांनी गर्दीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कोणाला जास्त घाबरावं, याचा हिशेब केला असावा. मग घसा खाकरून म्हणाले, "खेळाडूचा तोल गेला नव्हता. परंतु तोल ताब्यात असल्याचं दाखवण्यासाठी ती थांबली नाही. म्हणून फॉल्ट." पुस्तकी मराठी होती, पण आवाज मोठा होता. करणसिंगनं कपाळावर हात मारला. नवरा म्हणाला, "येडी शे का तू?" मी नारळ त्याच्या हातात दिला.

रोशनी राज्यावर जाणार, असं जाहीर झालं. टाळ्या कोणी धड वाजवल्या नाहीत. रविनानं वाजवल्या, एकटीनं, बराच वेळ.

घरी येताना आम्ही दोघी एकाच बांधावरून पुढेमागे चाललो. माझं डोकं शांत झालं नव्हतं. मी आपल्या हातानं माझी जागा दिली होती, आणि ज्या बाईसाठी एवढं केलं त्या सासूबाई मागून चालताना शेजारणीला सांगत होत्या की सर काही म्हणोत, देवीनंच धरलं. मला मागे वळून ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काही उपयोग होत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. बोललेलं त्यांना पोहोचतच नाही.

संध्याकाळी स्वैपाकघरात रोशनी तव्यासमोर, मी वरण उतरवत होते, सासूबाई दाराशी पाटावर लसूण सोलत. पुरुष जेवायला बसायचे होते. धीरज बाहेरून म्हणाला, "लोनचं काढा ना थोडं."

नेहमीप्रमाणे सासूबाईंनी मान वळवली. "रोशनी, बरनी काढ."

रोशनी तव्यासमोरून हलली नाही. पोळी उलटली, दाबली, पुन्हा उलटली. तिनं ऐकलं होतं, कारण कान लाल झाले होते. पण ती हलली नाही.

मी वरणाचं पातेलं खाली ठेवलं. फडताळासमोर स्टूल ओढलं. त्याचा एक पाय आखूड आहे, सगळ्या घराला माहीत आहे. मी त्यावर चढले.

"अवं, हळू वं! पडशी!" सासूबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. "रोशनी, धर वं तिले!"

रोशनीनं तव्यावरची पोळी काढली, आधीच्या पोळीवर ठेवली आणि कडा जुळतात का ते बघितलं.

"नही आई," ती म्हणाली. "ती नही पडस."

मी वरच्या फळीवरून बरणी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली. स्टूल डुगडुगलं आणि थांबलं. मी लगेच खाली उतरले नाही. तिथेच एक क्षण उभी राहिले, सगळ्यांना नीट दिसेल अशी, आणि मग उतरले.